वस्तुसंग्रहालयातील वनस्पतिचित्रकाराचे आयुष्य नेमके कसे जाते?

पर्णरेखा :

नमस्कार.

चित्रकलेचे शिक्षण झाल्यावर मी वनस्पतिशास्त्रात पदव्युत्तर अभ्यास केला आणि गेली दोन वर्षे गवतांवर काम करणाऱ्या एका संशोधिकेला रेखाचित्रे काढून देत आहे. आता एका निसर्गविज्ञान संग्रहालयाच्या वनस्पती विभागात तीन वर्षांच्या कराराने पूर्णवेळ चित्रकार म्हणून रुजू व्हाल का, अशी मला विचारणा झाली आहे. काम मनापासून आवडते, त्यामुळे ते स्वीकारावे की नाही हा माझा प्रश्न नाही. मात्र हेच काम वीस-तीस वर्षे केलेल्या माणसाचे आयुष्य कसे असते याची मला काहीच कल्पना नाही, कारण या व्यवसायातील एकही व्यक्ती माझ्या प्रत्यक्ष ओळखीची नाही.

एक प्रसंग सांगते, म्हणजे माझी अडचण नेमकी कळेल. मागच्या महिन्यात माझ्यापुढे आलेल्या वाळलेल्या नमुन्याला एकच पूर्ण वाढलेले पान होते आणि त्याचे टोक किडीने खाल्लेले होते. मी ते जसे दिसले तसे, खाल्लेल्या कडेसकट काढले. संशोधिकेने चित्र पाहून सांगितले की हे चित्र त्या जातीचे आहे, या एका काडीचे नव्हे, तेव्हा टोक पूर्ण करा. मी ते पूर्ण केले, पण मन स्वस्थ झाले नाही, कारण कागदावर आता तीन सेंटिमीटरांची अशी रेषा होती, जी मी कुठेही पाहिलेली नव्हती. चित्र प्रसिद्ध झाल्यावर ते पाहणाऱ्या कोणालाही कळणार नाही की पानाचा बुंध्याकडचा भाग पाहून काढला आहे आणि टोक अंदाजाने.

म्हणून विचारते. पाहिलेले आणि तर्काने भरून काढलेले यांच्यातील सीमा संग्रहालयातील चित्रकार कशी सांभाळतो? त्याचा दिवस कशात जातो? आणि एवढी वर्षे दुसऱ्यांच्या शोधनिबंधांसाठी चित्रे काढल्यावर त्याच्या स्वतःच्या नावावर काय राहते? अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे, ही विनंती.


शाईदौत :

पर्णरेखा, मी बत्तीस वर्षे एका संग्रहालयाच्या वनस्पती विभागात चित्रकार होते आणि काही वर्षांपूर्वी निवृत्त झाले. आपल्या पानाच्या टोकाची गोष्ट वाचून मला माझी पहिली दोन वर्षे आठवली. आपण ज्याला अडचण म्हणता, तोच या व्यवसायाचा गाभा आहे, असे माझे मत आहे. म्हणून आधी त्याविषयी लिहिते आणि मग दिवसाविषयी.

आपल्याकडे येणारे झाड सपाट असते. कोणीतरी ते कित्येक वर्षांपूर्वी, कधीकधी दीडशे वर्षांपूर्वी, वर्तमानपत्राच्या घडीत दाबून वाळवलेले असते आणि नंतर सुमारे २९ बाय ४२ सेंटिमीटरच्या जाड कागदावर चिकटवलेले किंवा टाचलेले असते. हिरवा रंग तपकिरी झालेला असतो, निळी फुले बहुधा फिकट पडलेली असतात, आणि ज्या पानांची पाठ वर आली ती तशीच कायमची पालथी राहिलेली असतात. या सपाट वस्तूवरून आपल्याला पुन्हा उभे झाड काढायचे असते. म्हणजे केवळ टोकापुरतेच नव्हे, तर फांदीचा प्रत्येक बाक, पानाची प्रत्येक वळलेली कड हे सगळे तर्कानेच काढलेले असते. प्रश्न एवढाच असतो की त्या तर्काला आधार कशाचा आहे.

मला ज्यांनी शिकवले, त्यांनी घालून दिलेला नियम मी शेवटपर्यंत पाळला. जे भरून काढायचे, ते त्याच नमुन्यावर दुसरीकडे कुठेतरी डोळ्यांनी दिसलेच पाहिजे. आपल्या बाबतीत मोठ्या पानाचे टोक नव्हते, पण त्याच काडीवरच्या लहान पानांची टोके होती का? असतील, तर मोठ्या पानाचे टोक त्या प्रमाणाने काढण्यात काही गैर नाही. त्या नमुन्यावर एकही टोक शाबूत नसेल, तर त्याच जातीचा दुसरा नमुना मागवावा आणि चित्राखालच्या मजकुरात स्पष्ट लिहावे की अमुक आकृती अमुक संग्राहकाच्या अमुक क्रमांकाच्या नमुन्यावरून काढली आहे. दुसरा नमुनाच अस्तित्वात नसेल, तर रेषा तुटक काढावी किंवा पान तेथेच थांबवावे. फांदी जशी आपण फलकाच्या, म्हणजे छापायच्या पूर्ण चित्रपानाच्या, खालच्या अंगाला मोकळी सोडतो, तसे पानही सोडता येते. जाणत्या वाचकाला त्याचा अर्थ कळतो. संशोधिकेचे म्हणणे चुकीचे नव्हते, कारण किडीने पाडलेले भोक हे जातीचे लक्षण नसते. पण आपली बेचैनीही चुकीची नव्हती. ‘टोक पूर्ण करते, मात्र कशावरून करायचे ते दाखवा’, असे आपण पुढच्या वेळी निःसंकोच म्हणावे.

आता दिवसाविषयी. नवीन नमुना मेजावर आला की मी पहिले दोन-तीन तास पेन्सिल हातात घेत नसे. कागदावरची चिठ्ठी वाचायची, कारण फुलाचा रंग, झाडाची उंची, खोडातून चीक येतो का, हे सगळे फक्त संग्राहकाच्या त्या चार ओळींतच उरलेले असते. मग संशोधकाने लिहिलेले वर्णन वाचायचे आणि ते बाजूला ठेवून द्यायचे. वर्णन समोर ठेवून पाहिले की डोळ्यांना तेवढेच दिसते, हे मी स्वतः अनुभवले आहे. जुन्या नमुन्यांना हात लावण्यापूर्वी हातमोजे घालायचे, कारण पूर्वी किडीपासून बचावासाठी नमुन्यांना पाऱ्याचा विषारी क्षार लावण्याची पद्धत होती आणि तो कागदावर अजूनही असतो. आपल्या नव्या जागी हे कोणी सांगेल किंवा सांगणार नाही, म्हणून आताच सांगून ठेवते.

फूल उघडणे हा सर्वांत नाजूक भाग. नमुन्यावर तीनच फुले असतील, तर त्यांतील एक वापरायलाही संग्रहपालांची परवानगी लागते. ते वाळलेले फूल, जे बोटांत धरले तर भुगा होईल, पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून हलके उकळायचे. दोन-चार मिनिटांत त्यात पाणी शिरते, चिकटलेल्या पाकळ्या सैल होतात आणि ते जवळजवळ मूळ आकाराला येते. रंग परत येत नाही, पण घाट परत येतो. पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा मी सुया खाली ठेवून कितीतरी वेळ नुसती सूक्ष्मदर्शकातून बघत बसले होते. एकशे दहा वर्षांपूर्वी मिटलेले फूल माझ्या काचेवर उमलत होते. मग दोन सुयांनी पाकळ्यांची नळी एका बाजूने उभी चिरायची, पुस्तकासारखी उलगडून सपाट करायची आणि पुंकेसर कोठे, किती उंचीवर, कोणत्या पाकळीसमोर जोडलेले आहेत ते मोजायचे. कळीत कोणत्या पाकळीची कड कोणत्या पाकळीवर आली आहे, हे उलगडण्याआधीच टिपून ठेवायचे, कारण एकदा उलगडल्यावर ते पुन्हा कधीच कळत नाही. अंडाशयाचा आडवा छेद घ्यायचा तो नव्या पात्यानेच. काम संपल्यावर प्रत्येक तुकडा पुन्हा वाळवून, नमुन्याच्या कागदावर डकवलेल्या लहान पाकिटात घालायचा आणि त्यावर तारीख टाकायची. आपण फूल मोडले आहे, पण टाकले नाही, याची ती नोंद असते.

सूक्ष्मदर्शकाला चित्रणनळी जोडलेली असली की फूल आणि आपला हात एकाच वेळी दिसतात आणि बाह्यरेषा प्रमाणात काढता येते. पुढचे काम शाईचे. उजेड वरच्या डाव्या कोपऱ्यातून येतो असे मानून छटा द्यायची, हा जुना संकेत आहे आणि तो मोडू नये, कारण त्यामुळे वेगवेगळ्या हातांची चित्रे शेजारी ठेवून ताडून पाहता येतात. चित्र छापायच्या आकाराच्या दीडपट किंवा दुप्पट काढायचे असते. तेव्हा छपाईत आक्रसल्यावर बारीक रेषा नाहीशा होणार नाहीत आणि ठिपके एकमेकांत मिसळून डाग पडणार नाहीत, याचा हिशेब आधीच करावा लागतो. केस असलेल्या पानावर हा हिशेब चुकला की पान काळे होते. मी चुकवला आहे, आठ दिवसांचे काम पुन्हा केले आहे.

एका फलकाला मला साधारण आठ ते दहा दिवस लागत. हातातले काम कंटाळवाणे होत नाही, पण एकाच वंशाच्या चाळीस जाती लागोपाठ काढताना एक वेळ अशी येते की सगळ्या सारख्याच दिसू लागतात. तेव्हा दोन दिवस वेगळे काही काढावे आणि परत यावे.


दलपुंज :

मी वर्गीकरणशास्त्राचा अभ्यासक आहे, म्हणजे या मेजाच्या पलीकडच्या बाजूला बसणारा. शाईदौत यांनी लिहिलेल्या एका वाक्याला मला माझ्या अनुभवाची जोड द्यायची आहे. वर्णन बाजूला ठेवून पाहणारा चित्रकार हा संशोधकाचा पहिला आणि सर्वांत कठोर परीक्षक असतो.

काही वर्षांपूर्वी मी एका नव्या जातीचे वर्णन लिहिले आणि त्यात पुंकेसर पाच असल्याचे नोंदवले. आमच्या चित्रकार बाईंनी कच्चे रेखाटन पाठवले, त्यात चारच पुंकेसर होते आणि पाचव्या जागी एक बारीक, परागकोश नसलेला तंतू होता. मी त्यांना कळवले की पाचव्याचा परागकोश गळून पडला असावा, तो काढावा. त्यांनी नकार दिला. वाद न घालता त्यांनी दुसऱ्या नमुन्यावरची एक न उमललेली कळी मागून घेतली, ती उघडली आणि मला सूक्ष्मदर्शकाजवळ बोलावले. कळीत काहीही गळून पडण्याचा प्रश्नच नव्हता, आणि तेथेही पाचवा पुंकेसर वांझच होता. त्या एका तंतूमुळे ती जात मी मानली होती त्याच्या शेजारच्या गटात गेली आणि माझा निबंध अर्ध्याहून अधिक पुन्हा लिहावा लागला. तो छापून आला तेव्हा त्यांचे नाव आभाराच्या परिच्छेदात होते. आज लिहिला असता तर मी त्यांना सहलेखक केले असते, आणि ते तेव्हा केले नाही याचा मला खेद आहे.

पर्णरेखा यांच्या पहिल्या प्रश्नाला एक नियमांची बाजूही आहे. वनस्पतींच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार प्रत्येक जातीचे नाव एका आधारवस्तूशी बांधलेले असते. आज ती आधारवस्तू म्हणजे जपून ठेवलेला नमुना असतो; १ जानेवारी २००७ पासून नव्या जातीसाठी केवळ चित्राचा आधार चालत नाही, आणि त्याला अपवाद आहे तो मुख्यतः नमुना टिकवणेच अवघड असलेल्या सूक्ष्म शैवालांचा आणि सूक्ष्म बुरशींचा. परंतु जुन्या नावांच्या बाबतीत तसे नाही. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये ज्या जातींना नावे दिली, त्यांतील कित्येकांच्या बाबतीत त्याने पाहिलेला नमुना आज उपलब्ध नाही किंवा त्याने तो कधी पाहिलाच नव्हता; त्याच्यासमोर होते ते आधीच्या ग्रंथातले चित्र. मलबारच्या वनस्पतींवर १६७८ ते १६९३ या काळात निघालेल्या बारा खंडांच्या ‘हॉर्टस मलबारिकस’मधील काही चित्रे अशा प्रकारे आजही त्या त्या नावांची अधिकृत आधारवस्तू आहेत. त्या चित्रांत एखाद्याने पानाचे टोक मनाने भरले असेल, तर तीनशे वर्षांनंतर आम्ही त्या टोकावर वाद घालत बसतो. तेव्हा तीन सेंटिमीटरांच्या रेषेने स्वस्थता जाणे मला अगदी योग्य वाटते.

छायाचित्राविषयी कोणी विचारण्याआधीच लिहितो. छायाचित्र एका क्षणी, एका बाजूने जे समोर आहे ते सगळे सारख्याच आग्रहाने दाखवते. चिरलेली पाकळी, देठावरची धूळ आणि जातीचे ओळखचिन्ह असलेला केस या तिन्हींना तेथे सारखाच मान असतो. मला एकाच फलकावर फांदी, कळीचा छेद, बी आणि पानाच्या पाठीवरचे केस आपापल्या प्रमाणपट्टीसह शेजारी शेजारी हवे असतात. प्रमाणपट्टीच हवी, ‘दुप्पट’ किंवा ‘चौपट’ असे शब्द नकोत, कारण छापताना चित्र लहान केले की ते शब्द खोटे ठरतात आणि पट्टी मात्र चित्राबरोबर लहान होते.


जुनीपाने :

माझा या क्षेत्राशी संबंध वाचकाचा आहे. वनस्पतिचित्रांच्या इतिहासावर अनेक वर्षे वाचत आलो आहे. तिसरा प्रश्न, म्हणजे नावावर काय राहते हा, इतिहासाला विचारला तर उत्तर एकसारखे येत नाही, आणि म्हणूनच ते सांगण्यासारखे आहे.

संस्थेने पोसलेल्या वनस्पतिचित्रकाराचे सर्वांत निवांत आयुष्य बहुधा फ्रान्झ बाउअर याला मिळाले. निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ बँक्सने त्याला १७९० मध्ये लंडनजवळच्या क्यू येथील उद्यानात ठेवून घेतले, त्याच्या वार्षिक वेतनाची सोय स्वतःच्या मृत्युपत्रातही केली, आणि फ्रान्झ १८४० मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच सूक्ष्मदर्शकाखाली ऑर्किड आणि परागकण पाहत, काढत राहिला. त्याचा भाऊ फर्डिनांड याच्या वाट्याला नेमके उलटे आयुष्य आले. मॅथ्यू फ्लिंडर्स या दर्यावर्दीच्या जहाजावरून १८०१ मध्ये तो ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याकडे निघाला. जहाजावर रंगवत बसायला वेळ नसे, म्हणून तो पेन्सिलीने रेखाटन करून प्रत्येक भागावर रंगछटेचा आकडा लिहून ठेवी आणि कित्येक वर्षांनी परत आल्यावर त्या आकड्यांवरून रंग भरी. शाईदौत यांनी संग्राहकाच्या चिठ्ठीतल्या रंगाविषयी लिहिले, त्यावरून हे आठवले. फर्डिनांडने फूल कोमेजण्याआधी त्याचा रंग आकड्यांत पकडून ठेवला होता.

त्यानंतरच्या काळातले मोठे नाव वॉल्टर हूड फिच. ग्लासगोत कापडावरच्या छपाईची नक्षी काढायला शिकणारा हा मुलगा वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम हूकर यांच्या नजरेस पडला आणि १८३४ पासून ‘कर्टिस’च्या वनस्पतिविषयक नियतकालिकासाठी चित्रे काढू लागला. त्याचा हात असा सरावलेला होता की तो पुष्कळदा शिलाछापाच्या दगडावर थेटच रेखाटन करी. त्याची छापून आलेली चित्रे दहा हजारांच्या आसपास भरतात. एवढे करूनही १८७७ मध्ये मोबदल्यावरून विल्यम यांचे पुत्र जोसेफ हूकर यांच्याशी मतभेद झाले आणि चाळीसहून अधिक वर्षांचा संबंध तुटला. मला या प्रसंगात फिचची बाजू पटते. नियतकालिकाची ओळखच ज्याच्या चित्रांमुळे झाली, त्याने मोबदल्याविषयी तक्रार करणे रास्तच होते.

त्याच्यामागे आलेल्या मॅटिल्डा स्मिथ यांची गोष्ट मात्र पर्णरेखा यांनी मुद्दाम वाचावी. त्यांचा जन्म १८५४ चा, आणि तो मुंबईत झाला, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही. कुटुंब लवकरच इंग्लंडला परतले. जोसेफ हूकर हे त्यांचे नातलग, आणि हूकर यांनीच त्यांना या कामाला लावले. १८७८ पासून पुढची पंचेचाळीस वर्षे त्यांनी त्या नियतकालिकासाठी २,३०० हून अधिक चित्रे काढली. त्यांची विशेष ख्याती होती ती वाळलेल्या, चपट्या, अनेकदा अपुऱ्या नमुन्यांवरून जिवंत झाडाचा घाट उभा करण्यासाठी, म्हणजे आपल्याला अस्वस्थ करणाऱ्या त्याच कामासाठी. १८९८ मध्ये क्यूच्या पहिल्या अधिकृत वनस्पतिचित्रकार म्हणून त्यांची नेमणूक झाली, तेव्हा त्यांनी तेथे वीस वर्षे काम केलेले होते. लाल-नारिंगी फुलांच्या एका मेक्सिकन वंशाला ‘स्मिथिअँथा’ हे नाव मिळाले ते त्यांच्यावरून. सिडनीत मार्गारेट फ्लॉक्टन यांनीही १९०१ ते १९२७ असेच काम केले, त्यातला मोठा भाग निलगिरीच्या वंशावरच्या प्रदीर्घ ग्रंथाचा, आणि वैज्ञानिक वनस्पतिचित्रणासाठीचा एक आंतरराष्ट्रीय पुरस्कार आज त्यांच्या नावाने दिला जातो.

आपल्याकडची एक आठवण येथे दिली नाही, तर ही माहिती अपुरी राहील. मद्रास इलाख्यात रॉबर्ट वाइट या वनस्पतिशास्त्रज्ञासाठी रंगिया आणि गोविंदू हे दोन चित्रकार काम करीत. त्या काळी कंपनीच्या नोकरीतल्या बहुतेक भारतीय चित्रकारांची नावे कागदावर उतरलीच नाहीत. वाइटने मात्र ती नोंदवली, आणि एका ऑर्किडच्या वंशाला गोविंदूचे नाव दिले. ती वनस्पती पुढे ट्रॉपिडिया या वंशात गेली आणि ‘गोविंदूइया’ हे नाव आता वापरात नाही. पण नामकरणाच्या नोंदींत ते कायमचे आहे.

आजच्या काळातले उदाहरण हवे असेल, तर वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या निसर्गविज्ञान संग्रहालयातील ॲलिस टँजेरिनी यांचे घ्यावे. लायमन स्मिथ या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये त्यांना वनस्पती विभागात चित्रकार म्हणून घेतले आणि त्यांनी हजाराहून अधिक जातींची चित्रे काढली, मुख्यतः शाईने, काळ्या-पांढऱ्यात. त्याबरोबरच विभागातल्या जुन्या चित्रांचा संग्रह सांभाळण्याचे कामही त्या करीत आल्या. ही दुसरी जबाबदारी मला फार मोलाची वाटते, कारण आधीच्या चित्रकारांचे कागद कोणाच्या तरी हातात सुरक्षित असावे लागतात.


पर्णरेखा :

तिघांचेही मनःपूर्वक आभार. शाईदौत यांनी विचारले होते, म्हणून काल तो नमुना पुन्हा काढून पाहिला. खालच्या बाजूला पानाच्या आवरणात अडकलेले एक कोवळे पान होते, त्याचे टोक शाबूत होते आणि ते मी काढलेल्या टोकापेक्षा बरेच अधिक निमुळते होते. मी संशोधिकेला कळवले आणि त्यांनी आनंदाने चित्र बदलायला परवानगी दिली.

आणखी दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या होत्या. एक डोळ्यांविषयी, कारण आताच सायंकाळी माझे डोळे जड होतात. आणि दुसरी संगणकावर चित्र काढण्याविषयी, कारण त्या विभागाने त्याची तयारी आहे का असे विचारले आहे.


शाईदौत :

कोवळे पान सापडले हे वाचून फार बरे वाटले. ते पहिल्यांदा कोणालाच दिसले नाही, यात दोष नाही. असे भाग शोधायला हात आणि डोळा तयार व्हावा लागतो.

डोळ्यांविषयी स्पष्टच लिहिते. सूक्ष्मदर्शकात सलग तीस-चाळीस मिनिटांपेक्षा जास्त पाहू नये, मग लांबवर काहीतरी पाहावे. दोन्ही डोळ्यांच्या भिंगांचे अंतर आणि स्पष्टता आपल्या डोळ्यांनुसार रोज जुळवून घ्यावी; दुसऱ्या कोणी वापरलेल्या यंत्रावर तसेच काम सुरू केल्याने मला पहिली काही वर्षे डोकेदुखी होती आणि ती कशाने होते तेच कळत नव्हते. ठिपके देण्याचे काम सकाळी करावे, मोजमापाचे दुपारी. मनगटाकडेही तितकेच लक्ष द्यावे. लंडनच्या लिनियन सोसायटीतर्फे वनस्पतिचित्रकारांना जिल स्मायथीज यांच्या नावाने एक पुरस्कार दिला जातो. उजव्या हाताला अपघात झाल्यामुळे त्यांचे चित्रण अर्ध्यावर थांबले आणि म्हणून त्यांच्या पतींनी तो सुरू केला. आपला व्यवसाय एका मनगटावर उभा आहे, हे मला त्या पुरस्काराची हकिकत वाचल्यावर प्रथम नीट उमगले.

संगणकाविषयी माझा अनुभव चांगला आहे. शेवटची नऊ वर्षे मी पेन्सिलचे रेखाटन कागदावर आणि शाईचे काम पडद्यावर अशी पद्धत ठेवली होती. चूक खरवडून काढावी लागत नाही, फलकाची मांडणी शेवटपर्यंत बदलता येते, आणि आपल्या कोवळ्या पानासारखे काही नंतर सापडले, तर आठ दिवसांचे काम वाया जात नाही. एकच धोका मोठा आहे. पडद्यावर चित्र हवे तितके मोठे करून दिसते, त्यामुळे छापल्यावर दिसणारही नाहीत अशा बारकाव्यांत तासन् तास जातात. दर अर्ध्या तासाने चित्र छापील आकारात पाहण्याची सवय लावून घ्यावी. पेन्सिलचे मूळ कागद मात्र फेकू नयेत. फुलाची मोजमापे, नमुन्याचा क्रमांक, ‘येथे केस दिसत नाहीत, पुन्हा पाहणे’ असल्या नोंदी त्याच कागदावर असतात, आणि पुढे एखाद्याने शंका काढली तर उत्तर तेथेच मिळते. दलपुंज यांच्या पाचव्या तंतूसारखा वाद पंधरा वर्षांनी उद्भवला आणि माझ्या कच्च्या कागदावरून मिटला, असे दोनदा झाले आहे.

नावाविषयी जुनीपाने यांनी पुष्कळ लिहिले आहे, म्हणून मी फक्त करारापुरते सांगते. माझ्या कारकिर्दीत एका प्रकाशनाने माझे अकरा फलक माझ्या नावाशिवाय छापले होते, आणि पत्रव्यवहार करून काहीही झाले नाही, कारण आमच्या करारात त्याविषयी एक शब्दही नव्हता. सही करण्यापूर्वी आपण हे लिहून घ्यावे की प्रत्येक फलकाखालच्या मजकुरात चित्रकाराचे नाव येईल, आणि चित्र पुन्हा दुसरीकडे छापले तरी ते नाव सोबत जाईल. मूळ चित्रे कोणाची आणि ती कोठे, कशा कागदात ठेवली जातील, हेही विचारावे. आम्लयुक्त कागदात ठेवलेली चित्रे पिवळी पडताना मी पाहिली आहेत. फलकावर स्वतःची सही करण्यास मात्र संकोचू नये. ती खालच्या उजव्या कोपऱ्यात, देठाच्या अगदी जवळ करावी, म्हणजे छपाईत कडा कापल्या गेल्या तरी सही राहते.

रुजू होण्याच्या दिवशी विभागाकडे एकच गोष्ट आग्रहाने मागावी. चित्रणनळीसह सूक्ष्मदर्शक फक्त आपल्या वापराचा आणि आपल्याच मेजावर हवा. कामाच्या मधोमध कोणी नमुना हलवला की फुलाचा कोन बदलतो आणि अर्धी काढलेली बाह्यरेषा पुन्हा कधीच जुळत नाही.